पॅनेल लावण्याआधी वहीत एक ओळ

पत्र: "सर, सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठं स्मार्ट पॅनेल भेट दिलं. ते रोज वापरलं गेलंच पाहिजे असा मुख्याध्यापकांचा आग्रह आहे, त्यासाठी वेगळी नोंदवहीसुद्धा केली आहे. मीही हौसेने व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन दाखवते. मुलं गप्प बसून बघतात आणि 'समजलं का?' म्हटलं की एका सुरात 'हो' म्हणतात. नववीला 'धाराविद्युत' शिकवताना अ‍ॅनिमेशन दोनदा दाखवलं. तरी घटक चाचणीत चोपन्नपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की एकसर (एकापुढे एक) जोडणीत पहिला बल्ब जास्त करंट घेतो, म्हणून दुसरा मंद लागतो. प्रयोगशाळेत साहित्य जेमतेम, परिचर नाही, नेट असलं तर असलं. मुलांना मोबाइल आणायला बंदी, माझा एक फोन तेवढा आहे. एक सहकारी म्हणतात, एआयकडून करून घ्या सगळं. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतले दहा हजार शिल्लक आहेत, त्यातून कुठलं अ‍ॅप घेऊ? की हे सगळं गुंडाळून खडू-फळ्यावर परत येऊ? आणि पोर्शन कसा संपवू, तेही सांगा."

ताई, नमस्कार.

खडू-फळ्यावर परत यायची गरज नाही आणि अ‍ॅपही विकत घेऊ नका. पैशांचं शेवटी बोलू. आधी त्या पहिल्या बल्बचं बघू, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण तिथेच आहे.

मुलांचं ते उत्तर ऐकून वाईट वाटून घेऊ नका. ही समजूत तुमच्याच वर्गात आहे असं नाही, जगभरच्या मुलांमध्ये ती सापडते, आणि त्यामागे विचार आहे. घरी लाइटबिल येतं, मोबाइलची बॅटरी संपते, 'करंट जास्त खातो' असं आपण फ्रिजबद्दल बोलतो. मग बल्बनेही थोडा करंट खाल्ला आणि उरलेला पुढच्याला गेला, असं मुलाला वाटलं तर नवल काय? तुमच्या अ‍ॅनिमेशनने या समजुतीला धक्काच दिला नाही. तारेतून ठिपके फिरताना दिसले. ठिपके फिरतात हे मुलाला आधीपासून मान्यच होतं, त्याने ते आपल्या समजुतीत बसवून टाकले. तुमच्या प्रश्नाला आलेला 'हो' खोटा नव्हता. जे दिसलं ते त्यांना खरंच समजलं होतं.

म्हणून पडदा उजळण्याआधी मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे. आधी भाकीत, मग निरीक्षण, मग दोन्हींत फरक का पडला याचं स्पष्टीकरण, असा हा क्रम. व्हाइट आणि गनस्टोन या दोघा शिक्षणतज्ज्ञांनी १९९२ मध्ये तो नीट मांडला आणि विज्ञानाच्या वर्गासाठी याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. अट एकच: भाकीत तोंडी घ्यायचं नाही. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे त्रेपन्न त्याच्यामागे जातात. वहीत पेनाने लिहायचं, 'कारण' हा शब्द घालून, आणि नंतर खोडायचं नाही. भाकीत चुकलं म्हणून कुणाला रागावायचं नाही आणि मार्कही कापायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. नाहीतर मुलं शेवटी उत्तर कळल्यावर 'भाकीत' लिहितील. मुलंच ती.

आता हाच धडा पुन्हा घ्यायचा तर कसा घ्याल ते सांगतो. टॉर्चचे जाडे दोन सेल, अडीच व्होल्टचे दोन बल्ब, तारा आणि करंट मोजायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. बल्ब जुन्या पद्धतीचे, आत तार असलेले हवेत. हल्ली दुकानदार एलईडी पुढे करतो, पण तो घेऊ नका. एलईडी एका दिशेनेच लागतो आणि लाल एलईडीलासुद्धा दीड व्होल्टचा एक सेल पुरत नाही, त्यामुळे धड्याला नको ते फाटे फुटतात. एक बल्ब लावून दाखवा. मग विचारा: बल्बच्या आधी मीटर लावला आणि नंतर बल्बच्या पलीकडे लावला, तर आकडा कुठे जास्त येईल? अ: आधी, ब: नंतर, क: दोन्हीकडे सारखा. वहीत लिहायला लावा, मग मीटर लावा.

मीटर लावताना एक सांभाळा. या स्वस्त मीटरमध्ये २०० मिलिअँपियरचा फ्यूज असतो आणि टॉर्चचा बल्ब त्याहून जास्त, सुमारे ०.३ अँपियर घेतो. तेव्हा लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला आणि चकतीही १० अँपियरवर फिरवा. मीटर सेलच्या दोन टोकांना सरळ जोडू देऊ नका, परिपथ तोडून मधे बसवायचा. ही गोष्ट मुलांना करूनच दाखवावी लागते, सांगून नववीतलं एकही मूल ऐकत नाही.

दोन्हीकडे सारखा आकडा आला की वर्गात जो गलका होईल तो होऊ द्या. मग दुसरा बल्ब एकसर जोडा. इथे एक गंमत होणार आहे, तिची तयारी ठेवा. बाजारातले दोन 'सारखे' बल्ब सारखे नसतात. एक थोडा मंद लागतो. तो सेलपासून दुसऱ्या जागी असला की मुलं ओरडणारच, "बघा, पहिल्याने जास्त घेतला!" घाई करून समजावत बसू नका. भाकीत मागा: दोघांच्या जागा बदलल्या तर कोण मंद लागेल? पहिल्या जागेवर बसलेला, दुसऱ्या जागेवर बसलेला, की तोच तो बल्ब? मग बदला. मंद बल्ब जिथे जाईल तिथे मंदच राहतो. मुलांची समजूत हलते ती या क्षणी. तयार अ‍ॅनिमेशनमध्ये हे सहसा घडत नाही, कारण तिथले बल्ब हुबेहूब सारखे असतात.

पॅनेलचं काम याच्यानंतर येतं. फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः जोडून-बदलून बघायचे प्रयोग, आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. सगळं मोफत आहे आणि बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. तुमच्यासाठी सोयीची गोष्ट अशी की प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतं. घरी किंवा तालुक्याला चांगलं नेट मिळालं की पेन ड्राइव्हमध्ये घ्या. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ती फाइल नेटशिवाय उघडते. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आणि दहा ओहमचा बल्ब जोडला की अ‍ॅमीटर ०.९० अँपियर दाखवतो. दुसरा बल्ब एकसर जोडला की बरोबर ०.४५. आणि पूर्ण परिपथात इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगाने सरकताना दिसतात. मीटरने फक्त आकडा दिला होता, तो तसा का आला ते इथे दिसतं. आता त्या ठिपक्यांना अर्थ आहे, कारण मुलांच्या मनात प्रश्न तयार आहे.

पुढची पायरी दहावीला किंवा नववीच्या चुणचुणीत गटाला द्या. सिम्युलेशनमध्ये दोन बल्बांना करंट निम्मा होतो, टेबलावरच्या खऱ्या मीटरवर मात्र तो निम्म्याहून बराच जास्त भरतो. मीटर बिघडला का? नाही. बल्बची तार गार असताना तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी असतो, दोन बल्ब मंद लागले की तारा कमी तापतात आणि रोध उतरतो. 'सिम्युलेशन खोटं का मीटर खोटा' असल्या वादात मुलं रमतात, रमू द्या. पडद्यावरचं जग कुणीतरी काही गृहीत धरून बनवलेलं आहे हे त्यांना कळायला याहून चांगली संधी नाही.

कशासाठी पडदा आणि कशासाठी हात, याची माझी कसोटी सोपी आहे. जे टेबलावर होतं ते टेबलावर. डोळ्याला न दिसणारं, फार मोठं, फार सावकाश किंवा घातक असेल ते पडद्यावर. लिटमस लाल होताना व्हिडिओत दाखवणं म्हणजे पैसे देऊन भूक मारणं. ग्रहांच्या कक्षा मात्र खुशाल पडद्यावर घ्या.

दहावीच्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यात हीच कसोटी लावून बघा. बहिर्वक्र भिंग खिडकीसमोर धरून मागच्या कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा पाडा. विचारा: भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर काय होईल? बहुतेक मुलं लिहितील, अर्धी खिडकी नाहीशी होईल. झाका. खिडकी पूर्णच राहते, फक्त अंधूक होते. हा गोंधळ थोडासा आपणच घातलेला असतो. फळ्यावर आपण दोन किंवा तीन किरण काढतो आणि मुलांना वाटतं तेवढेच किरण प्रतिमा बनवतात, त्यातला एक अडवला की प्रतिमेचा तुकडा गेला. फेटच्या भिंगाच्या सिम्युलेशनमध्ये 'अनेक किरण' निवडता येतात. प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगभर पसरतात हे तिथे स्वच्छ दिसतं, फळ्यावर ते काढायला तुम्हाला अर्धा तास लागला असता.

आता तुमचा एक फोन. तो व्हिडिओ दाखवायला वापरू नका, मोजायला वापरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं अ‍ॅप २०१६ मध्ये मोफत दिलं. फोनमध्ये त्वरण मोजणारा संवेदक, चुंबकत्वाचा संवेदक, माइक असं बरंच काही आधीच असतं, हे अ‍ॅप त्यांचे आकडे समोर आणतं. अ‍ॅप एकदा घेतलं की मोजायला नेट लागत नाही. नववीला 'ध्वनीचा अभ्यास' शिकवताना त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच काढा. फोन दोन लागतील, दुसरा सहकाऱ्याचा मागा. मैदानावर पाच मीटर अंतरावर दोन फोन ठेवा आणि प्रत्येकाजवळ एक मूल उभं करा. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दूरचं थोडं उशिरा, कारण आवाजाला तिथे पोचायला वेळ लागला. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची, की दोन्ही थांबतात, आणि या वेळी पहिलं उशिरा. दोन घड्याळांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन, दहा मीटरला, लागलेला वेळ. तो सुमारे ०.०२९ सेकंद येतो. दहाला त्याने भागा, सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास वेग मिळेल. सोलापूरच्या उन्हात थोडा जास्त, कारण तापमानाबरोबर वेग वाढतो. पुस्तकातला आकडा आपल्याच मैदानावर दोन टाळ्यांनी निघाला की मुलं मागे लागतात, "मॅडम, अजून एकदा." एक सूचना: अ‍ॅपमधली आवाजाची पातळी थोडी वाढवून ठेवा, नाहीतर कुणी खोकलं तरी घड्याळ सुरू होतं. आणि पाऊण वर्ग गप्प बसण्याची सोय तुम्हाला करावीच लागेल, त्याला अ‍ॅप नाही.

मुलांना फोन आणू देत नाहीत त्याची खंत करू नका. चोपन्न फोन वर्गात आले असते तर विज्ञान कुणी केलं असतं, हे आपण दोघांनाही माहीत आहे.

मत घ्यायला तरी उपकरण लागेलच असं तुम्हाला वाटत असेल. प्लिकर्स नावाची एक सोय आहे: मुलांच्या हातात छापील कार्ड, ते अ, ब, क, ड प्रमाणे फिरवून धरायचं, आणि शिक्षकाच्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गभर फिरवला की कुणी काय निवडलं ते उमटतं. चांगली आहे, पण त्याला नेट लागतं. तुमच्याकडे नेट लहरी, तेव्हा बोटं वापरा. एक, दोन, तीन, चार बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि तुम्हाला समोरून सगळी दिसतात. साधारण निम्म्यांचं उत्तर बरोबर आणि निम्म्यांचं चूक असेल तेव्हा उत्तर सांगू नका. 'वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला पटवून दाखव' म्हणा, दोन मिनिटं द्या आणि पुन्हा बोटं घ्या. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात पदवीच्या भौतिकशास्त्राला ही पद्धत रुजवली, तिथेही मुलं 'समजलं' म्हणत आणि परीक्षेत गडबडत. हार्वर्डची ही अवस्था, तर तुम्ही का धास्तावता?

व्हिडिओ दाखवायचेच असतील तर आवाज बंद करून लावा आणि निकाल दिसायच्या क्षणाआधी थांबवा. पुढे काय होईल ते लिहून घ्या. शेवटी एखाद्या मुलाला समालोचन करायला उभं करा. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर उघडणारे धडे उजळणीला ठीक आहेत, घरी पालकांच्या फोनवर पाहू देत. टाकाऊ वस्तूंतून प्रयोग हवे असतील तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बघा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, आणि मराठीतही तिथे भरपूर आहे.

एआयबद्दल सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रश्नपत्रिका करून घ्यायला मला ते आवडत नाही, पण एका कामाला ते उपयोगी पडतं. 'या संकल्पनेबद्दल मुलांच्या चुकीच्या समजुती कोणत्या असतात, त्यांचे पर्याय करून दे' असं मागा. आलेल्या दहापैकी तुमच्या वर्गातल्या मुलांच्या तोंडचे वाटतील ते तीन ठेवा आणि पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा घालून वाक्यं स्वतः दुरुस्त करा. आकडेमोड मात्र स्वतः तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नका.

मुख्याध्यापकांचं काय? त्यांच्याशी भांडू नका, पॅनेल रोज चालू ठेवा. पॅनेलच्या संगणकाला एक साधा यूएसबी वेबकॅम जोडा आणि तो टेबलावर स्टँडला वाकवून लावा. आता मीटरवरचा आकडा, परीक्षानळीतला बदलता रंग, मोजपात्रातल्या पाण्याची वक्र पातळी शेवटच्या बाकावरून दिसते. पूर्वी निरीक्षण म्हटलं की पुढचे दहाजण बघायचे आणि बाकीचे त्यांची वही बघायचे. नोंदवहीत 'पॅनेलवर थेट प्रयोग' असं लिहा. तपासणीला कुणी आलं तर व्हिडिओपेक्षा हेच त्यांना जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे. पॅनेल देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही एखाद्या शनिवारी बोलवा. त्यांनाच बल्बचं भाकीत करायला लावा. मोठ्यांचीही भाकितं चुकतात हे मुलांनी पाहिलेलं बरं.

पोर्शनची चिंता खरी आहे. दहावीला भाग एक आणि भाग दोन, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुणांचं प्रात्यक्षिक, एवढा डोंगर जानेवारीपर्यंत उतरायचा असतो. म्हणून प्रत्येक धड्याला हे करायचं नाही. धारा, प्रकाश, ध्वनी, बल आणि गती, रासायनिक बदल: मुलं जिथे हमखास अडखळतात ते धडे निवडा आणि प्रत्येकात एकच प्रश्न भाकिताला ठेवा. 'अवकाश मोहिमा' किंवा वर्गीकरणाचे धडे नेहमीसारखे घ्या, गटाने वाचून घेतले तरी चालतील. निवडलेल्या धड्याला एक तास जास्त जाईल. तो तुम्हाला उजळणीत परत मिळतो, कारण 'पुन्हा समजावून सांगा' हा कार्यक्रम कमी होतो. प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी हाताळणी आपोआपच होते, जर्नल मागाहून उतरवून घेण्याची वेळ येत नाही.

आता ते दहा हजार. चोपन्न मुलांचे सहा-सहाचे नऊ गट करा. नऊ मल्टिमीटर, दोन-अडीचशेला एक असा साधा मिळतो. प्रत्येक गटाला दोन सेलचा एक होल्डर, तीन बल्ब, बल्बचे होल्डर, डझनभर तारा आणि त्यांना मगरीच्या तोंडासारख्या क्लिपा. नऊ बहिर्वक्र भिंगं. एक वेबकॅम. हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळेल, आणि तरी पैसे उरतील. उरलेले दुसऱ्या कशात घालू नका, पुढच्या वर्षीच्या सेल आणि फ्यूजसाठी वेगळे काढून ठेवा. देणगीतून साहित्य येतं, पण सेल संपल्यावर कुणाकडे मागायचे हा प्रश्न पडतो आणि पेटी कपाटात जाते. प्रत्येक गटाचं साहित्य जुन्या डब्यात घालून वर क्रमांक टाका, आणि डबा मोजून घ्यायची-द्यायची जबाबदारी त्या-त्या गटातल्या एकाकडे द्या, परिचराची वाट बघू नका. घरातल्या प्लगला हात न लावण्याची ताकीद पहिल्याच तासाला द्या, हे सगळं सेलवरच करायचं. आणि दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीआधी सेल होल्डरमधून काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि जूनमध्ये होल्डर हिरवट होऊन फेकावे लागतात.